चित्र पाहताना : बाहुली बोलत नाही, रंग बोलतात

मागच्या लेखांकात उजेड आणि सावलीमुळे सपाट कागदावर गोलाई कशी येते ते पाहिले. आज अगदी उलट टोकाला जाऊ. सावली नाही, गोलाई नाही, चेहऱ्यावर भाव नाही. आहेत ते मोजके सपाट रंग आणि त्यांना कुंपण घालणारी काळी रेघ. जामिनी रॉय यांची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना एवढ्या वर्णनावरून ती ओळखू येतील. लांबुडक्या डोळ्यांच्या, समोर टक लावून पाहणाऱ्या बायका, ताठ मानेचे घोडे, तोंडात कोळंबी धरलेली मांजरे. या आकृत्यांच्या मागे जिवंत मॉडेल बसलेले नाही. त्यांच्या मागे आहेत बंगालच्या जत्रेत मिळणाऱ्या लाकडी बाहुल्या, बांकुडा जिल्ह्यातली मातीची खेळणी आणि पटुआ चित्रकारांचे पट.

अशा चित्रासमोर नवख्या प्रेक्षकाची पंचाईत होते. कोणत्याही चित्रात माणूस दिसला की आपण आधी त्याचा चेहरा वाचतो. हसतोय का, रागावलाय का, कुठे बघतोय? इथे चेहरा काहीच सांगत नाही. आई, गोपी, पुजारीण, सगळ्यांचा चेहरा जवळपास एकच. मग ‘सजावट छान आहे हं’ असे म्हणून आपण पुढच्या चित्राकडे सरकतो. माझे म्हणणे असे की खेळण्यातल्या आकृतीचा अभिनय तिचे रंग करतात, आणि तो अभिनय एकेकट्या रंगात नसतो, तर दोन रंगांमधल्या विरोधात असतो. लाल म्हणजे राग आणि निळा म्हणजे शांती, असला कोश घेऊन या चित्रांकडे गेलात तर रिकाम्या हाताने परत याल.

थोडे चित्रकाराविषयी. जामिनी रॉय 1887 साली बांकुडा जिल्ह्यातल्या बेलियातोड गावात जन्मले. सोळाव्या वर्षी कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत दाखल झाले आणि तिथे युरोपीय पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले. तैलरंगातली व्यक्तिचित्रे ते उत्तम करत, त्यावर पोटही भरत होते. सावली आणि गोलाई त्यांना येत नव्हती म्हणून ती चित्रात नाही असा समज कुणाचा असेल तर तो इथेच सोडावा. चाळिशीच्या आसपास त्यांनी हे सगळे बाजूला ठेवले. आधी कोलकात्यातल्या कालीघाटच्या पटांकडे वळले. पण ती कला शहरात राहून शहराची झाली आहे असे वाटून आपल्याच जिल्ह्यातल्या पटुआंकडे आणि बाहुल्यांकडे परतले.

या वळणावर त्यांनी जे केले ते रंगाच्या दृष्टीने फार शहाणपणाचे होते. त्यांनी सुरुवातीला रंग जवळजवळ टाकूनच दिला. राखाडी किंवा पांढरट पृष्ठभाग आणि त्यावर काजळीच्या काळ्या रंगाची, एका दमात ओढलेली जाड-बारीक रेघ. बस्स. बसलेली बाई, कडेवर मूल, सगळे त्या रेघेत. म्हणजे फक्त उजळ आणि गडद या एकाच विरोधावर चित्र उभे राहते का, याची परीक्षा त्यांनी आधी घेतली. ते राहते असे पटल्यावरच रंग परत आले, तेही मोजून सात. गेरूसारखा तांबडा, पिवळी माती, हिरवा, शेंदरी, कोळशाचा राखाडी, निळा आणि पांढरा. दगडाची पूड, नदीचा गाळ, हिंगूळ, नीळ, खडू अशी त्यांची सामग्री होती. रंग धरून ठेवायला चिंचोक्याची खळ. आपल्याकडे वह्या-पुस्तके बांधायला आणि कागद चिकटवायला जी खळ वापरत तीच. कॅनव्हासऐवजी कापड, लाकडी फळी, पुठ्ठा, कधी विणलेली चटई.

आता खेळण्यांकडे. बर्धमान भागातल्या नतुनग्राम या गावी लाकडी बाहुल्या होतात. लक्ष्मीचे घुबड, गौर-निताई, राजा-राणी. लाकडाच्या एका ठोकळ्यातून कोरलेली आकृती, हातपाय अंगाला चिकटलेले. त्यावर रंगाचे सपाट पट्टे आणि मग काळ्या रेघेने डोळे, नाक, वस्त्राच्या चुण्या. कोरीवकाम थोडे, बाकी सारे रंगाने भागवलेले. जत्रेत ही बाहुली मांडलेली असते शंभर वस्तूंच्या गर्दीत, धुळीत, आणि तिने लांबून पोराला हाक मारायची असते. बारीक छटा तिथे कुचकामी. तान्ह्या बाळांची नजर तर अशीच असते की ठळक विरोधाच्या आकृत्या त्यांना आधी दिसतात. फिकट गुलाबी आणि फिकट पिवळा यांतला फरक फार नंतरचा. खेळणी बनवणाऱ्यांना हे कुणी प्रयोगशाळेत सांगितले नव्हते. आपली ठकी घ्या, सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी घ्या. भडक रंगाची ही रीत गावोगाव आहे, आणि तिला ‘गावंढळ आवड’ म्हणून नाक मुरडणे हे रंग न समजल्याचे लक्षण आहे.

विरोध हा शब्द मी सारखा वापरतो आहे, तर त्याची फोड करू. चित्रात निदान दोन प्रकारचे विरोध एकाच वेळी काम करत असतात. पहिला उजळ-गडदाचा. दुसरा रंगा-रंगाचा, म्हणजे लाल विरुद्ध हिरवा, निळा विरुद्ध नारिंगी. हे दोन्ही वेगवेगळे चालतात हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. शेंदरी आणि मध्यम हिरवा शेजारी ठेवले तर डोळ्याला ते कडाडून भांडताना दिसतात. पण त्यांचा काळा-पांढरा फोटो काढा, दोघेही जवळपास एकाच राखाडीत विरघळून जातील. रंगाचा विरोध प्रचंड, उजळपणाचा विरोध शून्याजवळ. अशी जोडी डोळ्यांना झिणझिण्या आणते, कारण कडा कुठे आहे हे नजरेला ठरवता येत नाही.

याचा शास्त्रशुद्ध विचार ज्याने प्रथम सविस्तर मांडला तो चित्रकार नव्हता. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ गालिचा कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख होता. तक्रार आली की काळी लोकर नीट काळी दिसत नाही, रंगात खोट आहे. त्याने तपासले, रंगात काही खोट नव्हती. ती काळी लोकर निळ्या-जांभळ्या लोकरीशेजारी विणली जात होती, आणि शेजारामुळे तिचा काळेपणा फिका वाटत होता. यातून त्याने रंगांच्या परस्पर परिणामावरचा मोठा ग्रंथ 1839 साली प्रसिद्ध केला. (हा गृहस्थ 102 वर्षे जगला, म्हणजे आपल्या सिद्धांतावर चित्रे काढणारी पिढी त्याला डोळ्यांनी पाहता आली.) त्याचे सार असे की रंग एकटा कधीच दिसत नाही. शेजारी बदला, रंग बदलतो.

हे ध्यानात ठेवून रॉय यांची काळी रेघ पाहा. वरवर ती नुसती आकृतीची हद्द वाटते. पण ती दोन भांडखोर रंगांच्या मध्ये उभी आहे. तांबडी पार्श्वभूमी आणि हिरवी साडी थेट भिडल्या असत्या तर कडा थरथरली असती. मध्ये काळे आले आणि दोघेही आपापल्या जागी शांत बसले. शिवाय काळ्याच्या शेजारी कोणताही रंग असतो त्यापेक्षा उजळ वाटतो. म्हणून ती साधी पिवळी माती, जी नुसती पाहिली तर मळकट आहे, चित्रात आतून उजळल्यासारखी दिसते. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथी चित्रांतही ही ठसठशीत काळी बाह्यरेषा आहे. बंगालचे पटुआ आणि पिंगुळीचे ठाकर, दोघेही चित्र दाखवत कथा सांगणारे. समोर बसलेल्या श्रोत्यांना लांबून चित्र कळले पाहिजे ही दोघांचीही गरज होती.

आता एक मांडणी हळूहळू वाचू. रॉय यांनी आई आणि मूल हा विषय पुन्हापुन्हा केला. त्यातली विटकरी पार्श्वभूमीची मांडणी डोळ्यापुढे आणा. मागे सलग तांबडा. आईचे अंग पिवळ्या मातीचे. साडीला एखादा गडद रंग, काठाला पांढरे ठिपके. मूल आईच्याच रंगाचे. पहिली गोष्ट ही की तांबडा आणि मातीचा पिवळा हे रंगचक्रावरचे शेजारी आहेत. म्हणजे आकृती आणि पार्श्वभूमी यांच्यात भांडण नाही; ती बाई त्या मातीतून वर आल्यासारखी आहे. दुसरी गोष्ट, आई आणि मूल यांच्यात रंगाचा विरोध अजिबात नाही, त्यांना वेगळे करते ती केवळ रेघ. युरोपीय चित्रात आईची माया दाखवायला चित्रकार तिची नजर मुलाकडे वळवेल, मान झुकवेल, ओठांवर हसू ठेवेल. इथे आई मुलाकडे बघतसुद्धा नाही, ती आपल्याकडे बघते. पण दोघांना एकच रंग देऊन चित्रकाराने ते दोन जीव एक केले आहेत. भाव चेहऱ्यावर शोधणाऱ्याला ही आई कोरडी वाटते. रंग पाहणाऱ्याला ती तशी वाटणार नाही.

आणि मग डोळे. चित्रातला सगळ्यात पांढरा भाग कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा तो डोळ्यांत सापडतो, आणि त्याच पांढऱ्याच्या मधोमध सगळ्यात काळा ठिपका असतो. म्हणजे उजळ-गडदाचा कमाल विरोध चित्रकाराने बोटभर जागेत कोंडला आहे. बाकी अंगभर मध्यम छटा, आणि इथे एकदम टोक. नजर तिथे खेचली जाणारच. बाहुलीच्या कारागिरालाही हे ठाऊक असते. तोही डोळे सगळ्यात शेवटी काढतो, आणि तोपर्यंत ठोकळा असलेली वस्तू त्या दोन ठिपक्यांनी बाहुली होते.

घोड्याचे चित्र आणखी गमतीचे आहे. बांकुडाचा मातीचा घोडा तुम्ही नक्की पाहिला असेल, पाहिल्याचे आठवत नसले तरी. उंच मान आणि उभे कान असलेला हा घोडा भारतीय हस्तकलेचे बोधचिन्ह म्हणून देशभर फिरला आहे. पाँचमुडा गावचे कुंभार तो बनवतात. मुळात धर्मठाकुराला नवस फेडताना वाहायची ही वस्तू. तो लाल असतो किंवा काळा, आणि दोन्हींची माती एकच असते. भट्टीची भोके उघडी ठेवून धूर जाऊ दिला तर घोडा तांबडा होतो, भोके बुजवून धूर आत कोंडला तर काळा. रंगाची निवड कुंचल्याने नाही, आगीने होते.

रॉय काळा घोडा रंगवतात तेव्हा आतापर्यंतचे गणित उलटे होते. ज्या काळ्या रेघेवर सगळी भिस्त, ती काळ्या अंगावर दिसणार कशी? मग आतला तपशील उजळ रंगाकडे जातो. खोगीर, गळ्यातल्या माळा, झुलीचे पट्टे पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यारेघांतून उमटतात. बाईच्या चित्रात काळे हे हद्द आखणारे होते, इथे काळे हेच शरीर झाले. परिणामही वेगळा. पिवळ्या अंगाची आई पार्श्वभूमीशी नाते सांगते, काळा घोडा पार्श्वभूमीपासून कापून काढल्यासारखा वेगळा, जड, देवापुढे उभा असावा तसा दिसतो. एकाच चित्रकाराचे तेच मोजके रंग, पण कोणाला शरीर द्यायचे आणि कोणाला कुंपण, एवढी अदलाबदल केली की चित्राचा स्वर पालटला.

तुलनेसाठी एक परदेशी चित्र. योगायोग असा की जर्मन चित्रकार आउगुस्ट माके हाही 1887 चाच. त्याने 1912 साली आपल्या मुलाची, दोन वर्षांच्या वाल्टरची, खेळणी रंगवली. चेंडू, ससा, रशियन बाहुली. चित्र फ्रँकफर्टच्या श्टेडेल संग्रहालयात आहे. माकेने खेळणी घरात समोर मांडली आणि स्थिरचित्र केले. तो खेळण्याचे चित्र काढतो आहे, ती एका विशिष्ट मुलाची आहेत आणि मूल नुकतेच तिथून उठून गेले असावे असे वाटते. रॉय यांच्याकडे खेळणे ‘समोर’ नाहीच. त्यांनी माणसालाच खेळण्याच्या भाषेत लिहिले आहे. माकेचा मित्र फ्रान्झ मार्क याने त्याला 1910 च्या डिसेंबरात लिहिलेल्या पत्रात रंगांना ठाम अर्थ वाटून दिले होते. निळा पुरुषी आणि आध्यात्मिक, पिवळा स्त्रीचा, सौम्य आणि आनंदी, लाल म्हणजे जड, क्रूर द्रव्य. पत्र मोठे वाचनीय आहे. पण हा तक्ता रॉय यांच्या चित्राला लावून पाहा, लगेच मोडतो. त्यांचा तांबडा क्रूर नाही की जड नाही. आईच्या मागे तो ऊब आहे, दुसऱ्या कुठल्या चित्रात तोच नुसती भिंत आहे. माके स्वतः पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर 1914 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी मारला गेला. रॉय 1972 पर्यंत जगले आणि अखेरपर्यंत तेच मोजके रंग घोटत राहिले.

घोटत राहिले, हे शब्द कौतुकाने लिहिले तसे थोड्या तक्रारीनेही. एकमेव ‘मूळ’ चित्र ही कल्पना रॉय यांना मान्य नव्हती. घरातच कारखाना होता, मुलगा आणि इतर जण हाताशी, एकाच मांडणीच्या अनेक प्रती निघत, किमती साध्या माणसाला परवडाव्या अशा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात आलेल्या ब्रिटिश-अमेरिकी सैनिकांनी त्या आवडीने नेल्या. आपल्यासारख्या शिकणाऱ्यांना ही पर्वणीच आहे, कारण रेखाटन तेच आणि रंग वेगळे अशा जोड्या मिळतात. शेजारी बदलला की रंग कसा बदलतो याचे असे आयते प्रयोग सहसा सापडत नाहीत. पण या प्रतींत ढिली कामेही आहेत. काही ठिकाणी रंग केवळ जागा भरायला आला आहे. पार्श्वभूमी, साडी, काठ, दागिने सगळेच सारख्या जोराने ओरडतात, आणि डोळ्यांतल्या पांढऱ्याला त्या गोंगाटात काही किंमत उरत नाही. खेळण्याची भाषा तेवढी राहते, आतला माणूस निघून जातो. रॉय यांचे नाव खाली आहे म्हणून अशा चित्रालाही मान डोलवण्याचे कारण नाही.

एक सावधगिरीही सांगायला हवी. सावंतवाडीच्या खेळण्याला चकाकी असते. रॉय यांच्या चित्रांना ती नाही. खळीत कालवलेला रंग सुकल्यावर खडूसारखा मंद, कोरडा दिसतो. खेळण्याचे रंग घेऊन त्यांनी चकाकी सोडून दिली, आणि भडकपणाला लगाम बसला तो इथे. गुळगुळीत कॅलेंडरवर छापलेला किंवा मोबाइलच्या पडद्यावर उजळलेला रॉय म्हणूनच फसवा असतो. पडदा लाल रंगाला आणखी लाल करतो, कागदाची चमक मातीचा पिवळा सोनेरी करते, आणि आपण समजतो चित्रकारच भडक होता.

त्यांची चित्रे भारत सरकारने 1976 साली राष्ट्रीय कलाठेवा म्हणून घोषित केली. भारतात असलेली त्यांची चित्रे विकून देशाबाहेर नेता येत नाहीत. मोठा संग्रह दिल्लीला, जयपूर हाउसमधल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. जाणे झाले तर चित्रासमोर डोळे किलकिले करून उभे राहा. रंग मावळतील आणि उजळ-गडदाचा सांगाडा तेवढा उरेल. मग डोळे पूर्ण उघडा आणि काय काय परत आले ते पाहा. तोवर घरच्या घरी एवढे करा. मुलांचे कोणतेही रंगीत खेळणे आधी लाल कापडावर, मग हिरव्यावर, मग काळ्यावर ठेवून फोटो काढा, आणि तेच फोटो काळे-पांढरे करून शेजारी लावा. पुढच्या लेखांकात आपण अमृता शेर-गिलच्या लाल रंगाकडे वळणार आहोत. हे तीन फोटो तेव्हा हाताशी असू द्या.